पाळकाची टिपणवही

इ. स. १९१५ च्या उन्हाळ्यात, युरोपातील महायुद्धाला एक वर्ष पुरे होत आले असताना, राइनहोल्ड नीबूर नावाचे तेवीस वर्षांचे एक अविवाहित तरुण अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात बेथेल इव्हँजेलिकल या लहानशा चर्चचे पाळक म्हणून रुजू झाले. मंडळी जर्मन वंशाची, सभासदांची संख्या पासष्टच्या आसपास. वडील, जे स्वतः पाळकच होते, दोन वर्षांपूर्वी निवर्तले होते. आई लिडिया लवकरच मुलाकडे राहावयास आल्या आणि मुलांची रविवारची शाळा, गायनमंडळ इत्यादी चर्चचा बराचसा कारभार त्यांनी आपल्या अंगावर घेतला. १९२८ साली नीबूर तेथून न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत अध्यापक म्हणून गेले, तेव्हा मंडळीची संख्या सातशेच्या घरात पोहोचली होती. मधल्या तेरा वर्षांत त्यांनी वेळोवेळी जी टिपणे लिहून ठेवली, ती दुसऱ्याच वर्षी ‘लीव्ह्ज फ्रॉम द नोटबुक ऑफ अ टेम्ड सिनिक’, म्हणजे माणसाळलेल्या एका संशयात्म्याच्या वहीतील पाने, या नावाने प्रसिद्ध झाली. युद्ध, तह, कारखाने, मजुरी, वर्णद्वेष, निवडणुका, धर्मोपदेश, मरणशय्या, लग्ने अशा नानाविध विषयांवरील ही छोटी छोटी टिपणे म्हणजे एका धर्मोपदेशकाने चालू काळाविषयी केलेले स्वगत चिंतन आहे. आणि धर्माच्या माणसाने राजकारणाविषयी बोलावे की नाही, बोलल्यास कोणत्या अधिकाराने बोलावे, हा प्रश्न ज्यांना आपल्या देशात आजही पडतो, त्यांनी ती अवश्य वाचावीत असे मला मनापासून वाटते.

प्रॉटेस्टंट पंथातील पाळकाचे जीवन कसे असते याची कल्पना सर्वसाधारण मराठी वाचकास असतेच असे नाही, म्हणून दोन शब्द त्याविषयी लिहितो. आपल्याकडील कीर्तनकार गावात येतो, दोन प्रहर रात्रीपर्यंत श्रोत्यांना हसवतो, रडवतो, त्यांच्या दोषांवर कोरडे ओढतो आणि बिदागी घेऊन दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जातो. पाळकाला ही मोकळीक नसते. तो एकाच मंडळीत वर्षानुवर्षे राहतो. तिच्याच वर्गणीतून त्याचा पगार निघतो. रविवारी ज्यांच्यासमोर तो उपदेश करतो त्यांच्याच मुलांना तो बाप्तिस्मा देतो, त्यांचीच लग्ने लावतो, त्यांच्याच घरी आजाऱ्याच्या उशाशी बसतो आणि त्यांच्याच मृतांना मूठमाती देतो. समाजाचे अंतरंग इतक्या जवळून पाहण्याची संधी वकिलाला, डॉक्टरला किंवा वृत्तपत्राच्या संपादकालाही मिळत नाही, कारण यांपैकी प्रत्येकाकडे माणूस एका विशिष्ट अडचणीपुरता जातो. पाळकापुढे त्याचे सारे आयुष्य उलगडलेले असते.

नीबूर यांच्या सुरुवातीच्या टिपणांत राजकारण जवळजवळ नाहीच. ज्यांनी मुले वाढवली, आप्त गमावले, कष्टात दिवस काढले, अशा पोक्त स्त्रीपुरुषांसमोर आपल्यासारख्या अननुभवी पोराने उभे राहून जीवनाचा अर्थ सांगावा यातील विसंगती त्यांना अस्वस्थ करते. घरभेटीस निघावे तर धीर होत नाही. दारावरून एकदा पुढे जावे, मग परत फिरून घंटा वाजवावी, असे होते. थोडी प्रवचने झाली नाहीत तोच आपल्याजवळ सांगण्यासारखे होते ते संपले, आता आपण तेच ते बोलत आहो, अशी जाणीव होते. पुढे ज्यांची गणना अमेरिकेतील थोर धर्मचिंतकांत झाली, ज्यांचे चित्र १९४८ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले, त्यांच्या वैचारिक जीवनाचा आरंभ असा आपल्या अपुरेपणाच्या कबुलीने झाला आहे. या कबुलीला मी फार महत्त्व देतो. दुसऱ्याच्या दाराशी अडखळलेल्या माणसालाच पुढे दुसऱ्याविषयी बोलताना शब्द तोलण्याची सवय लागते.

पण शहर डेट्रॉइट होते आणि काळ हेन्री फोर्डचा होता. १९१० साली या शहराची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आत होती. १९२० साली ती दहा लाखांच्या जवळ गेली आणि १९३० साली साडेपंधरा लाखांच्या वर. या प्रचंड लोंढ्याला कारण मोटारीचे कारखाने. फोर्डच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात १९१३ साली सरकत्या साखळीवर मोटारी जोडण्याची पद्धत सुरू झाली आणि एका गाडीचा सांगाडा जोडावयास जेथे बारा तासांहून अधिक वेळ लागत असे, तेथे तो दीड तासावर आला. तथापि एकच खिळा किंवा एकच पेच दिवसभर पिळत राहण्याचे हे काम माणसाला इतके असह्य होई की मजूर येत आणि जात. शंभर जागा भरलेल्या ठेवावयाच्या तर वर्षाकाठी साडेतीनशेहून अधिक माणसे नेमावी लागत. १९१४ च्या जानेवारीत फोर्ड यांनी आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर रोज जाहीर केला त्याच्यामागे ही अडचण होती. परंतु त्यापूर्वीच्या मजुरीच्या दुपटीहून अधिक असा हा रोज ऐकून सारे जग थक्क झाले आणि फोर्ड हे उदारधी कारखानदार म्हणून विख्यात झाले.

या पाच डॉलरांना एक अट होती. मजुराचे घर स्वच्छ आहे काय, तो दारू पितो काय, बचत करतो काय, घरात भाडेकरू ठेवतो काय, याची चौकशी करण्यासाठी फोर्ड यांनी एक खास खाते उघडले होते आणि त्याचे अंमलदार घरोघर फिरून दप्तर भरीत. १९१५ पासून या खात्याच्या प्रमुखपदी सॅम्युएल मार्क्विस नावाचे एक धर्मोपदेशकच होते. ते डेट्रॉइटच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे डीन होते. कारखान्याच्या द्वारे लोकांचे कल्याण साधता येईल, या प्रामाणिक आशेने त्यांनी ती जागा पत्करली. सहा वर्षांत त्यांची आशा मावळली. १९२१ साली ते बाहेर पडले आणि दोन वर्षांनी त्यांनी फोर्ड यांच्या स्वभावाचे चिकित्सक दर्शन घडविणारे एक पुस्तक लिहिले. एकाच शहरात, एकाच काळात, एका धर्मोपदेशकाने मालकाच्या पदरी राहून मजुरांच्या घराची तपासणी केली आणि दुसऱ्याने मजुरांच्या घरी बसून मालकाची. धर्माने सत्तेच्या जवळ जावे की दूर राहावे, या वादात पुष्कळ तात्त्विक ऊहापोह होतो. मला तर हे एक उदाहरण त्या साऱ्या ऊहापोहाहून अधिक बोलके वाटते, कारण मार्क्विस हे काही वाईट गृहस्थ नव्हते. उलट ते भले होते म्हणूनच त्यांच्या भलेपणाची प्रतिष्ठा कारखान्याला इतकी वर्षे वापरता आली.

सत्तेच्या सावलीतील धर्माविषयीचा हा विषाद नीबूर यांनी अखेरपर्यंत जोपासला. १९६९ साली अध्यक्ष निक्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये निमंत्रित धर्मगुरूंकरवी रविवारच्या उपासना सुरू केल्या, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या नीबूर यांनी ‘ख्रिश्चॅनिटी अँड क्रायसिस’ या आपल्याच स्थापलेल्या नियतकालिकात त्यावर कडक लेख लिहिला. राजाच्या देवळात येऊन कटू भविष्य बोलणाऱ्या आमोस संदेष्ट्याला तेथील पुरोहित अमस्या याने हाकून दिले, ही जुन्या करारातील कथा त्यांनी तेथे आधारास घेतली आहे. ज्या पुरोहिताला राजाने आसन दिले त्याला राजाचे पाप दिसत नाही, हा त्यांचा मुद्दा.

आता पुन्हा डेट्रॉइटकडे वळू. १९२५ सालच्या एका टिपणात नीबूर एका मोटारीच्या कारखान्यास दिलेल्या भेटीचे वर्णन करतात. ओतशाळेतील उष्णता, थकलेल्या माणसांचे चेहरे, कसलाही आनंद नसलेले यंत्रवत श्रम, हे पाहून ते व्यथित होतात. येथपर्यंत कोणताही सहृदय मनुष्य त्यांच्याबरोबर येईल. परंतु त्या टिपणाचा रोख मालकावर थांबत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. मोटार आम्हा सर्वांस हवी आहे. ती बनविताना माणसाचे किती मोल खर्ची पडते याची विचारपूस आमच्यापैकी कोणीच करीत नाही. तस्मात् हा अपराध सर्वांचा आहे, असा निवाडा ते देतात, आणि या ‘सर्वां’त ते स्वतःला, आपल्या मंडळीला आणि आपल्या चर्चला धरतात.

पुढच्याच वर्षी फोर्ड यांनी आठवड्याचे पाच दिवस काम जाहीर केले आणि पुन्हा एकदा त्यांचा जयजयकार झाला. नीबूर यांनी ‘द ख्रिश्चन सेंचुरी’ या साप्ताहिकात हिशेब मांडला: सहा दिवसांचे काम पाच दिवसांत काढून घेतले जात आहे, दिवस कमी झाल्याने कित्येकांची आठवड्याची मिळकत घटली आहे, आणि १९१४ चे पाच डॉलर महागाईमुळे आता ते पाच डॉलर राहिलेले नाहीत. १९२७ च्या मे महिन्यात जुन्या ‘मॉडेल टी’ गाडीचे उत्पादन थांबले. नवी गाडी डिसेंबरात लोकांपुढे आली. मधल्या काळात हजारो मजूर बेकार झाले. त्यांच्यासाठी ना विमा होता, ना कंपनीची मदत, आणि पुढे ज्यांना परत घेतले त्यांच्यातील पुष्कळांना नवशिक्याच्या रोजावर घेतले. धर्मादाय संस्थांच्या दारी रांगा लागल्या. वृत्तपत्रांत नव्या गाडीच्या रंगांची आणि आकाराची चर्चा चालली असता, या गाडीची माणसांच्या हिशेबात किंमत काय पडली हे विचारणारे थोडेच निघाले, आणि त्यांत हे पाळक होते. यंत्रविद्येत निपुण, पण मनाने भोळा असा एखादा गृहस्थ एकाएकी लाखो माणसांच्या दैवाचा मुखत्यार होऊन बसावा, ही कसली संस्कृती, असा त्यांचा सवाल आहे. त्यांना बेकारीचे आकडे सरकारी अहवालातून मिळाले नव्हते. ज्या घरांत ते चहाला, प्रार्थनेला, सांत्वनाला जात होते, त्या घरांची चूल त्यांनी पाहिली होती.

मग असा माणूस स्वतःला माणसाळलेला का म्हणवितो? याचे उत्तर त्यांच्या एका टिपणात आहे, आणि संपूर्ण पुस्तकातील माझ्या मते तो सर्वांत मोलाचा भाग आहे. पाळक सत्य बोलत नाहीत याचे कारण ते मंडळीच्या पगारावर अवलंबून असतात, असा आक्षेप टीकाकार नेहमी घेतात. नीबूर म्हणतात की यात तथ्य आहे, पण मूळ कारण हे नव्हे. आपल्याला दुसरीकडे याहून अधिक मिळकत सहज होईल, तरीही व्यासपीठावरून बोलताना आपण शब्द तोलत असतो, अमक्याच्या मनाला काय वाटेल, तमकीला काय वाटेल, याचा अदमास घेत असतो. ज्यांच्यावर आपण प्रेम करू लागलो त्यांना अप्रिय सत्य सांगणे कठीण जाते. पाळकाच्या मवाळपणाचे मर्म हे आहे. प्राचीन संदेष्टे बहुधा फिरस्ते होते याचे आपल्याला नवल वाटत नाही, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

हा विचार वाचताना मला आपल्याकडचे रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवल्यावाचून राहत नाहीत. टिळकांचा संबंध ज्या अमेरिकन मराठी मिशनशी होता, ते काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या पाठबळावर चाललेले मिशन. आणि नीबूर यांचा जर्मन इव्हँजेलिकल पंथ व या काँग्रिगेशनल मंडळ्या पुढे १९५७ साली एकाच संयुक्त धर्मसंस्थेत सामील झाल्या, म्हणजे नात्याने ही दोन्ही घराणी पुढे एक झाली. टिळक १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादन करीत होते, देशाच्या चालू घडामोडींविषयी तळमळीने लिहीत होते, ख्रिस्ती झालेला मनुष्य हिंदी राहतोच हे ठासून सांगत होते. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारी सेवेतून मुक्त होऊन ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, असे ख्रिस्ताचे सारेच अनुयायी त्यात एकत्र यावेत ही त्यांची मनीषा होती. दोन वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते मुंबईत वारले. वेतनाचे बंधन टिळकांनी तोडले. प्रेमाचे बंधन नीबूर यांनी ओळखले आणि ते तोडू नये असे ठरविले. दोघांच्या मार्गांत थोर-कनिष्ठ भाव करण्याचा माझा हेतू नाही. पण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात टिळकांची निसर्गकविता आणि बालकविता जितक्या आवडीने वाचली जाते, तितक्या आवडीने त्यांचे ‘ज्ञानोदया’तील गद्य वाचले जात नाही. धर्मोपदेशकाचे सामाजिक चिंतन ‘ख्रिस्ती वाङ्मय’ अशी पाटी लावून वेगळ्या कपाटात ठेवून देण्याची ही आपली सवय मला खेदजनक वाटते, कारण त्या कपाटात आपल्याच समाजाचा एक दस्तऐवज पडून आहे.

युद्धाविषयीची नीबूर यांची मते या तेरा वर्षांत पार उलटली. अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली, त्या वेळी जर्मन नावाच्या प्रत्येक माणसाकडे आणि प्रत्येक चर्चकडे संशयाने पाहिले जात होते. आपण अमेरिकेशी एकनिष्ठ आहो हे दाखविण्याची निकड त्यांच्या समाजास भासत होती, आणि नीबूर यांनी आपल्या पंथाच्या युद्धसाह्य समितीचे काम पत्करून सैनिकांच्या छावण्यांचे दौरे केले. युद्ध संपले, व्हर्सायचा तह झाला, आणि त्यांचा भ्रमनिरास झाला. त्या तहाच्या वेळचे अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन हे धर्मोपदेशकाचे पुत्र. धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेल्या माणसाचा शब्दांवर फाजील विश्वास बसतो, उदात्त शब्द वापरले की वस्तुस्थितीही तशीच झाली असे तो समजू लागतो, हे त्यांचे निरीक्षण अतिशय मार्मिक आहे, आणि स्वतःही पाळकाच्याच घरात वाढलेल्या माणसाने ते केले असल्यामुळे त्याला निराळे वजन येते. १९२३ साली ते युरोपात गेले आणि फ्रेंचांच्या लष्करी ताब्यात असलेला जर्मनीचा ऱ्हूर प्रांत त्यांनी पाहिला. तेथील उपासमार, अपमान आणि द्वेष पाहून यापुढे आपला युद्धाशी काडीमात्र संबंध राहणार नाही, असा निश्चय त्यांनी टिपून ठेवला. तो निश्चयही टिकला नाही. हिटलरच्या उदयानंतर शांततावादी धर्मगुरूंवर सर्वांत प्रखर टीका केली ती नीबूर यांनीच. ज्या ‘ख्रिश्चॅनिटी अँड क्रायसिस’चा उल्लेख वर आला, ते पत्र त्यांनी १९४१ साली काढले ते याच कारणाने. टिपणवहीचा मोठा गुण असा की तिच्यात कालचे मत खोडून आजचे लिहिलेले नसते. दोन्ही शेजारी शेजारी राहतात आणि विचार कसा बदलत गेला ते वाचकाला पाहावयास मिळते.

वर्णभेदाच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध डेट्रॉइटमध्येच आला. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय मजूर कारखान्यांच्या ओढीने या शहरात येऊ लागले. १९१० साली सहा हजारांच्या आत असलेली त्यांची संख्या १९३० साली एक लाख वीस हजारांवर गेली. त्यांना राहावयास जागा मिळेना. १९२५ च्या सप्टेंबरात ऑसियन स्वीट नावाचे कृष्णवर्णीय डॉक्टर श्वेतवर्णीयांच्या वस्तीत विकत घेतलेल्या घरात राहावयास आले, तेव्हा त्या घरापुढे जमाव जमला, दगडफेक झाली, आतून गोळीबार झाला आणि बाहेरचा एक मनुष्य मेला. स्वीट कुटुंबीयांवर खुनाचा खटला भरला गेला; क्लॅरन्स डॅरो या विख्यात वकिलांनी त्यांच्या बाजूने तो चालविला आणि अखेर कोणासही शिक्षा झाली नाही. त्याच सालच्या महापौरपदाच्या निवडणुकीत कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेचा पाठिंबा असलेला उमेदवार उभा होता. ही संघटना स्वतःस प्रॉटेस्टंट धर्माची रक्षक म्हणवीत असे आणि तिचे पुष्कळ सभासद रविवारी चर्चमध्ये बसत. नीबूर यांनी व्यासपीठावरून तिचा नाव घेऊन धिक्कार केला. तो उमेदवार पडला; निवडून आलेल्या महापौरांनी नेमलेल्या आंतरवर्णीय समितीचे अध्यक्षपद नीबूर यांच्याकडे आले, आणि शहरातील कृष्णवर्णीयांची घरे, नोकऱ्या, रुग्णालये, पोलिसांची वागणूक यांची तपशीलवार पाहणी तिने केली.

यानंतर जे घडले ते मला फार क्लेशकारक वाटते. नीबूर बेथेल सोडून गेल्यावर थोड्याच काळात त्यांच्या जागी आलेल्या पाळकाने कृष्णवर्णीयांना मंडळीचे सभासद करून घेण्याचा आग्रह धरला; मंडळीत कलह माजला आणि त्या पाळकालाच जावे लागले. नीबूर यांनी ज्यांना बाप्तिस्मा दिला, ज्यांच्या आजारपणात जागरणे केली, ज्यांच्यापुढे तेरा वर्षे ख्रिस्ताचा बंधुभाव उपदेशिला, तीच ही माणसे. ती दुष्ट नव्हती. शेजाऱ्याला मदत करणारी, मुलांवर माया करणारी, वर्गणी वेळेवर देणारी ती सामान्य माणसे होती. नीबूर यांच्या उपदेशात काय उणे राहिले? क्लॅनचा धिक्कार करणे त्यांना साधले, कारण क्लॅन त्यांच्या बाकांवर थोड्या प्रमाणात आणि शहरात मोठ्या प्रमाणात होती. परंतु आपल्याच बाकांवर कोण बसू शकते आणि कोण नाही, हा प्रश्न त्यांनी त्या तेरा वर्षांत निकरावर आणला नव्हता. ज्यांच्यावर प्रेम जडले त्यांना अप्रिय सत्य सांगणे कठीण, हे त्यांचे स्वतःचे वाक्य येथे त्यांच्यावरच येऊन पडते.

१९३२ साली त्यांचा ‘मॉरल मॅन अँड इमॉरल सोसायटी’ हा ग्रंथ निघाला. एकेकटा माणूस नीतीने वागू शकतो, स्वार्थ सोडू शकतो, शेजाऱ्यासाठी झीज सोसू शकतो. पण तीच माणसे वर्ग, वर्ण किंवा राष्ट्र म्हणून एकत्र आली की त्या समूहाला ना सदसद्विवेक उरतो ना आत्मपरीक्षण, आणि म्हणून समूहासमूहांतील अन्याय केवळ सदुपदेशाने दूर होत नाही, त्याला प्रतिकाराचे बळ लागते, हा त्याचा सिद्धान्त. हा ग्रंथ तत्त्वज्ञानाचा म्हणून ओळखला जातो. मला मात्र त्यात पानोपानी डेट्रॉइट दिसते. उदार समजला जाणारा कारखानदार, भला मार्क्विस, बेथेलची प्रेमळ मंडळी, यांना जवळून पाहिल्यावाचून हा सिद्धान्त एखाद्याने मांडला असता तर तो मनुष्यजातीविषयीच्या तुच्छतेने मांडला असता. नीबूर यांच्या लेखणीत ती तुच्छता नाही, याचे श्रेय मी त्यांच्या घरभेटींना देतो.

याच ग्रंथात महात्मा गांधींच्या असहकाराची विस्तृत चर्चा आहे. निःशस्त्र प्रतिकार हाही प्रतिकारच आहे, त्यातही दडपण आहे, आणि हिंदुस्थानातील परदेशी कापडावरील बहिष्काराची झळ लँकेशायरच्या गरीब गिरणी कामगारांना पोहोचते, असे नीबूर निःसंकोचपणे दाखवून देतात. (गांधीजी स्वतः १९३१ च्या सप्टेंबरात लँकेशायरला जाऊन त्या कामगारांना भेटले होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.) असे असूनही, प्रतिपक्षाविषयी मनात द्वेष न ठेवता त्याच्या अन्यायाशी लढण्याचा हा मार्ग दडपल्या गेलेल्या अल्पसंख्य समाजाला सर्वांत उपयुक्त आहे आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची मुक्तता होईल तर ती याच मार्गाने, असे भाकीत त्यांनी करून ठेवले. त्यानंतर वीसेक वर्षांत धर्मशास्त्राचा एक तरुण विद्यार्थी हा ग्रंथ बारकाईने वाचत होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

१९६३ च्या एप्रिलमध्ये किंग बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते. आठ श्वेतवर्णीय धर्मगुरूंनी पत्रक काढून वर्णभेदाविरुद्धची त्यांची निदर्शने अवेळी व अविचाराची आहेत, लोकांनी न्यायालयांकडे दाद मागावी, असे सांगितले होते. किंग यांनी तुरुंगात वृत्तपत्राच्या कोऱ्या कडांवर उत्तर लिहावयास सुरुवात केली. व्यक्तीपेक्षा समूह अधिक अनीतिमान असतो, असे नीबूर यांनी बजावले आहे, हे त्यांनी त्या पत्रात नाव घेऊन सांगितले. परंतु ज्या सबुरीच्या सल्ल्यावर ते पत्र तुटून पडते, तो सल्ला शाळांतील वर्णविभागणी बेकायदा ठरविणाऱ्या १९५४ च्या निकालानंतरच्या वर्षांत नीबूर यांनीही दिला होता. निकालाचे स्वागत करूनही दक्षिणेतील गोऱ्यांवर घाईने सक्ती करू नये असे ते म्हणत. एका पाळकाने दुसऱ्या पाळकाचाच विचार घेऊन, तो विचार जेथे थांबला होता तेथून पुढे नेला. नीबूर यांनी हे जाणले. १९५२ च्या पक्षाघातापासून शरीराने विकल झालेले ते वृद्ध गृहस्थ साठीच्या दशकात किंग यांच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. आणि १९६७ साली किंग यांनी व्हिएतनामच्या युद्धाला विरोध केल्यामुळे त्यांचे पुष्कळ मित्र त्यांना सोडून जात असताना, त्या विषयावरील भाषणांची जी पुस्तिका निघाली तिला प्रस्तावना नीबूर यांनी लिहून दिली.